यमुनाबाईंना विचारा

यमुनाबाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. भांडण खिडकीवरून होतं.

आमच्या खोलीत दोन खाटा, दोन कपाटं आणि एक खिडकी. खिडकीजवळची खाट माझी होती, कारण मी आधी आले होते आणि आधी आलेल्याने चांगली जागा धरायची हा नियम मी शाळेतल्या पोरींकडूनच शिकले होते. दुसरी खाट बरेच दिवस रिकामी होती. एका सकाळी आमचे व्यवस्थापक काळे एका उंच, काळ्यासावळ्या, हाडकुळ्या बाईंना घेऊन आले. मागे त्यांचा मुलगा पत्र्याची पेटी उचलून. काळ्यांनी नेहमीच्या गोड आवाजात सांगितलं, "आजी, ही तुमची खाट."

बाई दारातच थांबल्या. "हे कोनं ठरवलं?"

"हीच रिकामी आहे ना, आजी."

"मी तुमची आजी व्हय का? यमुनाबाई म्हना. अन् रिकामी कोनती हाय थे दिसते मले. खिडकीजवयची कोनाची?"

मी म्हटलं, माझी.

"दिवसा झोपता का तुमी तिच्यावर?"

"छे. दिवसा मी खुर्चीत बसून वाचते."

"मंग दिवसा तिथं मी बसीन. रातच्याले तुमी झोपा. खिडकी का झोपाले असते?"

सारी हयात वर्गाला गप्प बसवण्यात घालवलेली मी, गप्प बसले. दुपारी जेवून आले तर बाई माझ्या खाटेवर मांडी घालून बाहेरचं तुरीचं शेत न्याहाळत होत्या. माझ्या चादरीवर भुईमुगाची टरफलं होती. मी रागाने पाहिलं. त्यांनी मूठभर शेंगा पुढे केल्या आणि म्हणाल्या, "घ्या मास्तरीनबाई, घरच्या हायेत." शेंगा उत्तम होत्या, त्यामुळे माझा राग फार टिकला नाही.

मी अमरावतीत राजापेठेतल्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. नवरा गेला, मुलगा पुण्याला, घर तिसऱ्या मजल्यावर आणि गुडघे माझ्या बाजूने उरले नव्हते. म्हणून स्वतःच चौकशी करून मी या वृद्धनिवासात आले. बडनेऱ्याच्या पुढे, अकोल्याच्या रस्त्याला, शेतांच्या मधोमध ही बैठी इमारत आहे. स्वच्छ आहे, जेवण बरं असतं, डॉक्टर वेळेवर येतात. वृद्धाश्रम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जी आबाळ येते, ती इथे कधीच झाली नाही. त्रास झाला तो उलट कारणाने. इथे आमची फार काळजी घेत. इतकी, की आम्ही काय घालावं, कधी न्हावं, काय ऐकावं आणि काय ऐकू नये, हे सगळं आमच्यासाठी कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असे. मला त्याचं काही वाटत नसे. खरं सांगायचं तर जन्मभर दुसऱ्यांचं ठरवून दमल्यावर मला ते सुखाचंच वाटत होतं.

यमुनाबाईंना ते पहिल्या दिवसापासून टोचलं.

त्या दर्यापूरकडच्या एका खेड्यातल्या. माळ्याचं घर. नवरा लवकर गेला, तेव्हापासून वांगी, मेथी, झेंडू, शेवंती हे सगळं त्यांनी स्वतः लावलं, खुरपलं आणि डोक्यावर पाटी घेऊन दर्यापूरच्या बाजारात विकलं. गजानन हा एकुलता मुलगा. त्याने अकोल्याला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान काढलं. तो आईला अकोल्याला न्यायला तयार होता, सूनही चांगली. पण दोन खोल्यांच्या घरात यमुनाबाईंचा जीव रमेना. "सून दिवसभर म्हने, माय, तुमी बसा. बसू बसू माह्यं कंबरडं मोडलं," असं त्या सांगत. शेवटी त्यांनीच मुलाला म्हटलं की मला अशा ठिकाणी ठेव जिथे मी कोणाची पाहुणी नाही.

त्यांच्या आंघोळीची गोष्ट तर अख्ख्या निवासाला माहीत झाली. आमच्याकडे नियम असा की सत्तरीच्या वरच्या बायकांना आंघोळीला मदतनीस बाई सोबत पाहिजे. न्हाणीघराला आतून कडी नाही. एक बाई आत पडली होती, तेव्हापासून कड्या काढून टाकलेल्या. पहिल्याच दिवशी संगीता नावाची आमची मदतनीस बादली घेऊन यमुनाबाईंच्या मागोमाग आत शिरली आणि तितक्याच वेगाने बाहेर आली.

"मले माह्या मायनं सोडून कोनं न्हाऊ घातलं नाई," आतून आवाज आला. "नवऱ्यानंही नाई. तू कोन?"

संगीता रडवेली. तिची तरी काय चूक. आजी पडली तर नोकरी तिची जाणार. काळे आले, समजावू लागले. बराच वेळ दाराच्या दोन्ही बाजूंनी वाटाघाटी झाल्या. शेवटी यमुनाबाईंनीच तोड काढली. "संगीता, तू भाईर उभी राह्य. मी आतून बोलत राहीन. जवापर्यंत आवाज येऊन राह्यला तवापर्यंत मी जिती हाय. आवाज बंद झाला की ये आत."

आता एकटीने न्हाताना माणूस काय बोलणार? यमुनाबाईंना जे येत होतं ते त्या बोलू लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वऱ्हांड्यात न्हाणीघरातून दणदणीत आरोळी ऐकू आली: "वांगे घ्याऽ, ताजे वांगे! सांभार घ्याऽ, मेथी घ्याऽ! ओ बाई, भाव काय इचारता, पाला पाहा पाला!" सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. त्यानंतर रोज. पुरुषांच्या बाजूचे लोकसुद्धा त्यावर घड्याळं लावू लागले. पलीकडच्या खोलीतले एक गृहस्थ तर भिंतीवर टकटक करून विचारत, "आलू काय भाव?" आणि आतून पाण्याच्या आवाजाबरोबर उत्तर येई, "तुमाले नाई परवडनार!" संगीता दाराबाहेर हसून हसून बेजार. सांगायचं म्हणजे, यमुनाबाई कधी पडल्या नाहीत. आणि महिनाभरात आणखी दोघी-तिघी बायकांनी काळ्यांना सांगितलं की आम्हीही आतून बोलत जाऊ. एक रामरक्षा म्हणायची. आमच्या वऱ्हांड्यात सकाळी देव आणि भाजीबाजार एकदमच सुरू होई.

चहाचंही तसंच. सगळ्यांना एकाच पातेल्यातला, नावाला साखर घातलेला चहा. यमुनाबाईंनी पहिला घोट घेऊन कप खाली ठेवला. "साखरेची बिमारी कोनाले हाय?" चौघापाच जणांनी हात वर केले. "मंग त्याइच्यापायी माहा चहा कावून आजारी?" काळे हसले आणि दुसऱ्या दिवसापासून टेबलावर साखरेचा वेगळा डबा आला. डबा आला तसे हात वर करणाऱ्यांपैकी दोघे त्यात चोरून चमचा घालू लागले, ते सोडा. यमुनाबाईंनी त्यांनाही कधी टोकलं नाही. "त्याइचं त्याइले समजते," एवढंच.

काळे माणूस वाईट नव्हे, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. उन्हाळ्यात कूलरचं पाणी स्वतः भरणारा, कोणाचा मुलगा फोन करत नसेल तर गुपचूप त्याला फोन करून आठवण देणारा असा हा माणूस. पण एका बाबतीत त्यांचा हट्ट होता. निवासात कोणी वारलं की ते कळू द्यायचं नाही. मागच्या फाटकाने गाडी यायची. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावरची खुर्ची नाहीशी व्हायची. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: मुलाकडे गेले. आम्ही सगळे समजून होतो आणि सगळे न समजल्यासारखं करत होतो. एकदा कोणी वारल्याचं खरं सांगितल्यावर एका बाईंनी जेवण सोडलं होतं, दुसरीचं ब्लडप्रेशर चढलं होतं. तेव्हापासून ही रीत पडली.

वसंतराव गेले तेव्हा यमुनाबाई नव्या होत्या. वसंतराव म्हणजे भिंतीवर टकटक करून आलूचा भाव विचारणारे. सकाळच्या आरोळीला टकटक आली नाही. नाश्त्याला यमुनाबाईंनी विचारलं, कुठी गेले?

"मुलाकडे गेले, यमुनाबाई. नागपूरला," काळे म्हणाले.

"बिनचपलेचे?"

वऱ्हांड्यात वसंतरावांच्या चपला होत्या. कोणाचंच त्यांच्याकडे लक्ष गेलं नव्हतं.

काळ्यांचं तोंड उतरलं. यमुनाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. आवाज चढवला नाही. "भाऊ, माह्या गावात कुत्रं मेलं तरी आठ घरं भाईर येतेत. हा मानूस रोज माह्याशी बोले. त्याच्या मातीले जानं माहं काम होतं. तुमी मले तेवढंही नाई करू देलं." मातीला जाणं म्हणजे अंत्यविधीला जाणं, आमच्या भागात लग्नाचं निमंत्रण चुकलं तर चालतं, माती चुकली तर माणूस जन्मभर बोलून दाखवतो. काळे म्हणाले, तुमचं बरोबर आहे. आणि पुढच्या वेळीही गाडी मागच्या फाटकानेच आली.

आता अनसूयाबद्दल सांगायला हवं. अनसूया ही यमुनाबाईंची जाऊ. थोरल्या दिरांची बायको. यमुनाबाईंच्या बोलण्यात दिवसातून दहा वेळा तिचं नाव येई आणि प्रत्येक वेळी शिवीसकट. दोघींची शेतं शेजारी, विहीर एक, गोठा एक. बांधावरून भांडण, पाण्याच्या पाळीवरून भांडण, बाजारात एकमेकींना खेटून बसायच्या आणि एकीने भाव सांगितला की दुसरीने चार आणे कमी सांगायचा. मधली काही वर्षं तर अबोला होता. पण काम एका गोठ्यात, बोलल्याशिवाय कसं भागणार? मग दोघी म्हशीशी बोलत. "म्हशे, सांग तिले, उद्या पानी माहं हाय." पलीकडून उत्तर, "म्हशे, सांग तिले, पाह्यलं तिचं पानी." म्हैस बिचारी रवंथ करत दोघींचं ऐकून घ्यायची.

हे सांगताना यमुनाबाई हसून लोळायच्या. मी एकदा विचारलं, "अबोला सुटला कसा?" तर म्हणाल्या, "माहा नवरा गेला तवा तिनं माह्या घरी येऊन चूल पेटवली. म्हशीले इचारलं नाई." एवढंच बोलल्या आणि खिडकीकडे वळल्या.

दर आठवड्याला दोघींचा फोन असे. स्पीकर लावून, ओरडून. त्या वेळी मी खोलीबाहेर जाऊन बसत असे, तरी सगळं ऐकू येई. फोन ठेवताना ठरलेलं वाक्य: "मर तिकडं." तिकडूनही तेच.

त्या हिवाळ्यात यमुनाबाईंच्या हृदयाचं दुखणं निघालं. अमरावतीच्या दवाखान्यात काही दिवस काढून त्या परत आल्या. डॉक्टरांनी मुलाला आणि काळ्यांना सांगितलं, त्यांना धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. हे यमुनाबाईंना कोणी सांगितलं नाही.

वैशाखात अनसूयाबाईंचा फोन लागेनासा झाला. गजाननने सांगितलं, काकूचा मोबाईल बिघडला. "तिच्यावानीच असन, हेकट," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांच्या देवाची पूजा रोज चालू होती. अंगणात त्यांनीच लावलेल्या झेंडूची फुलं त्या मनापासून वाहत. त्याच दिवसांत एका बाईंच्या नातवाचा वाढदिवस झाला. शिऱ्याची मोठी वाटी यमुनाबाईंनी मिटक्या मारत संपवली आणि आणखी मागितली. खरं काय ते मलाही माहीत नव्हतं, हे बरंच झालं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

मग एका रविवारी दुपारी गजानन आला. उन्हाचा भडका उडालेला, कूलर गरम वारा फेकत होता. गजाननच्या डोक्यावर कानापर्यंत ओढलेली टोपी. त्याने आंबे आणले होते. आईच्या पाया पडला, खुर्चीवर बसला, पाणी प्यायला. यमुनाबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"गजू, मिशी कुठी गेली?"

गजाननला मिशी होती. चांगली, दाट, बापासारखी. त्याने हात ओठावर नेला. टोपीचा विचार त्याने केला होता, मिशीचा केलाच नव्हता.

"अशीच काढली, माय. गरम होते."

"टोपी काढ."

"ऊन लागते माय."

"खोलीत?"

मी पुस्तक मिटलं. यमुनाबाईंनी स्वतः हात पुढे करून टोपी काढली. डोकं गुळगुळीत. आमच्याकडे घरात कोणी वारलं की दहाव्याला भाऊबंदांतले पुरुष केस उतरवतात, मिशीसकट. हे तिथे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"कोन गेलं?"

त्या एकेक नाव घेऊ लागल्या. थोरला दीर तर आधीच गेलेला. चुलत दीर? पुतण्या? प्रत्येक नावाला गजाननची मान हलत होती, नाही, नाही. एक नाव त्या घेत नव्हत्या. सगळी संपल्यावर तेच उरलं.

"अनसूया?"

गजानन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागला. पन्नाशीचा माणूस. यमुनाबाई रडल्या नाहीत. त्याच्या बोडक्या डोक्यावरून हात फिरवत, समोर भिंतीकडे पाहत त्या म्हणाल्या, "मी रोज देवाले फुलं वाह्यली. सुतकात. कोनी सांगतलं नाई मले." थोड्या वेळाने, "तिची राख गरम होती अन् मी शिरा खाल्ला. अजून मांगून खाल्ला."

"माय, डाक्टर म्हने, तुले सहन नाई होनार."

"डाक्टर अनसूयाले ओयखत होता का?"

गजानन डोळे पुसत होता. मला त्या क्षणी डॉक्टरांचा, काळ्यांचा, सगळ्यांचा संताप आला. कोणी वाईट वागलं नव्हतं, हाच तर वैताग होता. सगळ्यांनी मिळून एका बाईचं दुःख तिच्या भल्यासाठी लपवून ठेवलं होतं, आणि ते तिच्या हातात पडलं तेव्हा शिळं झालेलं होतं.

माती झाली होती, दहावा झाला होता. तेरवी तेवढी उरली होती, दोन दिवसांवर. यमुनाबाई म्हणाल्या, मी जाणार. इथून खरी ओढाताण सुरू झाली. डॉक्टर फोनवर म्हणाले, या उन्हात, या हृदयाने, मुळीच नाही. गजानन म्हणाला, माय, तुझ्या जिवाला काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू? काळे म्हणाले, मुलाची सही असल्याशिवाय मी बाहेर सोडू शकत नाही. गजानन सही करेना.

तेरवीच्या दिवशी सकाळी यमुनाबाईंनी न्हाताना आरोळी दिली नाही. संगीता घाबरून आत शिरायला निघाली तर आतून फक्त "हाय मी, हाय" असं आलं. नंतर पांढरं लुगडं नेसून, पिशवी घेऊन त्या काळ्यांच्या टेबलासमोर जाऊन बसल्या. गजाननही अकोल्याहून आला होता, तेरवीला जायला, एकटा. मला काळ्यांनी बोलावलं होतं समजूत घालायला. मी कोणती समजूत घालणार होते?

"काळेभाऊ," यमुनाबाई म्हणाल्या, "मी इथं आली त्या दिवशी तुमी मले एक इचारलं. याद हाय? म्हनलं, बाई, तुमी तुमच्या मर्जीनं आल्या का कोनी आनून सोडलं? अन् मी म्हनलं, मर्जीनं. तवा पोराची सही नाई मांगितली. माह्या तोंडचा शब्द चालला. आता कावून नाई चालत?"

"यमुनाबाई, वाटेत काही झालं तर..."

"तं होईन. वाटेत झालं तं वाटेत. मले हे सांगा, मी नाई गेली अन् इथं खाटेवर काही झालं नाई, वर्स दोन वर्स जगली. त्या दोन वर्सात मी काय करू? तिच्या तेरवीले गेली नाई, हेच घोकत बसू?"

काळे उठले, दारावरची ओल्या वाळ्याची ताटी काढून गजाननच्या गाडीच्या खिडकीला बांधू लागले. "गोळ्या कोणाजवळ द्यायच्या?" त्यांनी विचारलं. गजानन आईकडे पाहू लागला. "मास्तरीनबाईजवय द्या," यमुनाबाई म्हणाल्या. "त्या येऊन राह्यल्या माह्यासंगं." मला कोणी विचारलं नव्हतं, हे त्यांच्या तेवढ्यापुरतं लक्षात आलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

गावात मांडव होता. अनसूयाबाईंच्या फोटोला हार. यमुनाबाई खाली बसल्या, हाराचा दोरा दिसत होता तो त्यांनी फुलांखाली ढकलला आणि मग जो गळा काढला, तो मी आयुष्यात विसरणार नाही. रडण्यातही भांडत होत्या: माझ्याआधी कशी गेलीस, पाळी माझी होती, नेहमीसारखी पुढे घुसलीस. आजूबाजूच्या बायका त्यांना धरून रडत होत्या. माझा हात सारखा पर्समधल्या गोळ्यांवर. काही झालं नाही. रडून झालं, पाणी प्यायल्या, पंगतीत बसून चार घास जेवल्या. मग काठी टेकत गोठ्यात गेल्या. मी मागे. म्हैस होती एक, तरुण. त्या जुन्या म्हशीची नात-पणती असेल नसेल. यमुनाबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला.

"म्हशे, सांग तिले. मी आल्ती."

मी गोठ्याबाहेर जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी परत आलो तर काळे फाटकात. ब्लडप्रेशर तपासलं, ठीक निघालं. आठवडाभराने काळे यमुनाबाईंकडे येऊन म्हणाले, "पुढच्या वेळी कोणी गेलं की मी सगळ्यांना सांगणार."

"सगळ्याइले कायले?" यमुनाबाई म्हणाल्या. "ज्याले नाई ऐकाचं त्याले नका सांगू. त्याचीही मर्जी हाय. पर आधी इचारून ठेवा."

आणि काळ्यांनी खरंच एकेकाजवळ बसून विचारलं. रामरक्षावाल्या बाई म्हणाल्या, मला सांगू नका, माझ्याने ऐकवणार नाही. एक गृहस्थ म्हणाले, मित्रांचं सांगा, बाकीच्यांचं नको. मी म्हटलं, मला सांगा. जन्मात पहिल्यांदा हा प्रश्न मला कोणी विचारत होतं आणि उत्तर द्यायला मला सबंध रात्र लागली, हे मी त्यांना सांगितलं नाही.

यमुनाबाई पुढेही बऱ्याच जगल्या. डॉक्टरांना त्याचं आश्चर्य वाटायचं. मागच्या दिवाळीनंतर मात्र त्यांच्या पायांवर सूज चढली आणि श्वास लागू लागला. डॉक्टर तपासून बाहेर गेले आणि दाराबाहेर गजाननशी हळू आवाजात बोलू लागले. खाटेवरून आवाज गेला, "आत येऊन बोला. माहं हाय ना थे?" डॉक्टर आत आले, खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी सगळं नीट सांगितलं. हृदय थकलं आहे. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेता येईल, थोडे दिवस वाढतील, नळ्या लागतील. यमुनाबाईंनी विचारलं, खिडकी असते का तिथं? डॉक्टर म्हणाले, नसते. "मंग इथंच," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. राजापेठेत माझी भाची राहते, तिच्याकडे जायचं होतं. मी म्हटलं, पुढे ढकलते. यमुनाबाई आता दिवसरात्र खिडकीजवळच्या खाटेवर असत. मी दुसरीवर गेले होते, त्यावर आमचं काही बोलणं झालं नव्हतं.

"जा," त्या म्हणाल्या. "तुमचा डोया हाय, माहा नाई."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"तं होईन. काळेभाऊ हाय ना सांगाले." धाप लागत होती तरी हसल्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. खरबरीत, गाठी पडलेला, माती कधीच पुरती न निघालेला हात. मला त्यांची फार सवय झाली होती. तसं मी त्यांना सांगितलं. "मालूम हाय मले," म्हणाल्या.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीच्या घरी फोन वाजला. भाचीने उचलला, "मावशी आराम करताहेत" असं काहीतरी म्हणाली आणि मग तिने गोंधळून फोन माझ्याकडे दिला.

"मॅडम, काळे बोलतो. यमुनाबाई पहाटे गेल्या. शांत गेल्या. गजाननभाऊ जवळ होते. दुपारी माती आहे, गावाला नेणार आहेत. तुमचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी बाहेर पडू नका म्हटलं असेल, ते मला माहीत आहे." मग त्यांनी विचारलं, "गाडी पाठवू का?"

भाची समोर उभी राहून दोन्ही हातांनी नको नको करत होती. डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितलं होतं, डोळ्यावर ताण नको म्हटलं होतं, आणि रडायचं तर अजिबातच नाही.

"पाठवा," मी म्हटलं.

त्यांना पुढच्या वऱ्हांड्यात ठेवलं होतं, सकाळच्या उन्हात. ज्यांना यायचं होतं ते भोवती बसले होते. ज्यांना नव्हतं त्यांची दारं लावलेली होती आणि त्यांना कोणी हाक मारली नव्हती. संगीता पायाशी होती. गजाननने मला जागा करून दिली. माझ्या एका डोळ्यावर पट्टी होती. मी खाली वाकले आणि दुसऱ्या डोळ्याने यमुनाबाईंना पोटभर पाहून घेतलं.